अन्ननलिकेचा कर्करोग: घास उतरत नसताना या चुका टाळा

आपल्या सोलापुरात "जेवलात का" म्हणजे "भाकरी खाल्ली का". म्हणूनच अन्ननलिकेचा कर्करोग बळावला आणि घास अडकू लागला, की घरचे दुधात भाकरी कुस्करतात आणि "एवढा एक घास खा" म्हणून मागे लागतात. जोंधळ्याचा कण अरुंद झालेल्या नळीत तसाच बसतो. स्टेंट (अन्ननलिका उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाकला असला तरी भाकरी, पाव, मटणाचे दोरे अडकतातच.

मग घाबरून दुसरी चूक होते: नुसतं नारळपाणी आणि वरणाचं पाणी. पोट भरतं, अंगी काही लागत नाही. भूकच दोन घोटांची असेल तर ते दोन घोट कसदार हवेत. मुगाचं घोटलेलं कढण, गाळलेली आंबील, शेंगदाणे भिजवून-वाटून-गाळून काढलेलं दूध, गाईम्हशीच्या दुधात दूध पावडर. वर लहान चमचाभर तूप घातलं की साधारण 45 कॅलरी वाढतात. दर दोन तासांनी अर्धी वाटी, बसवून. नंतर निदान अर्धा तास आडवं करू नका.

"सलाईन लावा, ताकद येईल" हे तर घरोघरी ऐकू येतं. 5 टक्के ग्लुकोजच्या एक लिटर सलाईनमधून जेमतेम 170 कॅलरी मिळतात. अंगातलं पाणी कमी झालं असेल तर तिचा उपयोग आहे, जेवणाची जागा ती घेत नाही.

पातळ जेवणाचं मिश्रण देण्यासाठी पोटात नळी बसवली असेल तर प्रत्येक वेळी मिश्रण देण्याआधी आणि नंतर 30 मिली कोमट पाणी सोडा. औषध मिश्रणात कालवू नका, आणि कुठली गोळी कुटायची नाही ते विचारून घ्या. नळी तुंबली तर कोमट पाणी सिरिंजने हळूहळू आत-बाहेर करा. तार कधीच घालू नका. मे महिन्यात पारा 42 अंशांवर असताना बाहेर ठेवलेलं मिश्रण तासाभराने फेकून द्या.

बरेच दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपूर देणं जिवावर बेतू शकतं, कारण रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम घसरतं. प्रमाण डॉक्टरांनाच ठरवू द्या. पाणी पिताना दरवेळी ठसका लागत असेल तर तोंडाने देणं थांबवा आणि त्याच दिवशी दाखवा.

शेवटच्या दिवसांत भूक आजारच नेतो. तुम्ही त्यांना उपाशी ठेवलेलं नाही, हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. तेव्हा ओल्या कापसाने तोंड पुसा, ओठांना तूप लावा. त्यांनी मान फिरवली की वाटी उचलून ठेवा.