संग्रहालयाची सहल अख्ख्या वर्गाची: या चुका टाळा

सहल ठरली की शाळेतून संग्रहालयात फोन जातो, "व्हीलचेअरची सोय आहे का?" पलीकडून उत्तर येतं, "हो हो, या तुम्ही." पहिली चूक इथेच होते. सोय म्हणजे एकाच्या मनात दाराशी केलेला उतार असतो, दुसऱ्याच्या मनात खुर्ची उचलायला येणारे दोन शिपाई. आठवडाभर आधी एका शिक्षकाने टेप घेऊन स्वतः जाऊन यावं.

साध्या व्हीलचेअरची रुंदी साधारण ६५ ते ७० सेंमी असते. चाक फिरवणाऱ्या हातांना जागा धरून दाराला निदान ८० सेंमी मोकळी वाट हवी. ९० असेल तर उत्तम. चौकट ते चौकट मोजू नका. दार उघडून ठेवा आणि फळीपासून समोरच्या चौकटीपर्यंत मोजा. उताराचं प्रमाण १:१२, म्हणजे १५ सेंमीच्या एका पायरीला १८० सेंमी लांबीचा उतार. ऐनवेळी हाताला लागेल ती दोन-अडीच फुटांची फळी टाकली की चढ इतका उभा होतो की खुर्ची मागे कलंडते. स्वच्छतागृहाचं दार आत उघडणारं असेल तर खुर्ची आत गेल्यावर ते लागतच नाही. हे नेमकं मुलाला जायची घाई असतानाच कळतं, म्हणून तेही आधीच पाहून ठेवा.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या मजल्यांच्या इमारतीत वरच्या दालनांचं काय, हे आधी ठरवा. मुलाला खुर्चीसकट जिन्यावरून उचलून नेणं धोक्याचं आहे: हात टेकायचे दांडे आणि पावलांच्या पट्ट्या बऱ्याच खुर्च्यांना सुट्या होणाऱ्या असतात, तिथे धरलं की त्या हातात येतात. बॅटरीवर चालणारी खुर्ची तर उचलायचा विचारही नको. "तू खाली थांब, आम्ही फोटो दाखवतो" हा तोडगा तर त्याहून वाईट. सगळ्या वर्गाने तळमजलाच नीट, निवांत पाहावा. तळमजल्यावर पाहण्याजोगं फारसं नसेल, तर सरळ ठिकाण बदलावं.

केळकर संग्रहालयाजवळच्या बाजीराव रस्त्यावर बस फार वेळ थांबवता येत नाही, मग मागच्या हॉर्नच्या गोंगाटात मुलाला घाईघाईने उतरवलं जातं. क्रम असा ठेवा: आधी मदतनीस, मग खुर्ची उघडून ब्रेक लावून फुटपाथवर, मग मूल. सुट्या पट्ट्या आणि गादी नाव लिहिलेल्या एकाच पिशवीत भरा. गणेशोत्सवाच्या आसपास पेठांमधली सहल टाळाच. मांडवांनी रस्ते अरुंद होतात आणि ढोल-ताशांचा आवाज काही मुलांना अजिबात सोसत नाही.

दृष्टिहीन मुलांना काचेपुढे उभं करून माहिती वाचून दाखवणं, ही सर्रास होणारी चूक. केळकर संग्रहालयात दिवे आहेत, अडकित्ते आहेत. तशाच वस्तू घरांतून मिळतात. समई, पळी-पंचपात्र, अडकित्ता गोळा करून न्या. (अडकित्त्याचं पातं दोऱ्याने बांधून ठेवा.) मुलाचा हात धरून वस्तूवर ठेवू नका, वस्तू त्याच्यासमोर ठेवा आणि त्याला हाताने शोधू द्या. समईची बैठक, दांडी, वरची तबकडी, वातीची चोच, शेवटी टोकावरचा मोर, असं खालून वर जाता आलं की पूर्ण आकार मनात उभा राहतो. एकेका वस्तूला दोन-तीन मिनिटं द्या, त्या काळात मध्ये बोलू नका.

ऐकू कमी येणाऱ्या मुलांच्या बाबतीत माहिती देणारी व्यक्ती चालता चालता, वस्तूकडे तोंड करून बोलते आणि ओठ दिसेनासे होतात. त्यांना आधीच सांगा: थांबा, तोंडावर उजेड घ्या, आधी बोला, मग वस्तू दाखवा. मूल एका वेळी ओठ तरी पाहील नाहीतर वस्तू तरी. श्रवणयंत्राचे जादा सेल बरोबर असू द्या.

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना त्रास होतो तो अनपेक्षित गोष्टींचा. पाहणीला गेलात की दार, जिना, दालन, डबा खायची जागा, स्वच्छतागृह आणि बस यांचे सहा-सात फोटो काढा आणि सहलीच्या आधी ते त्याच क्रमाने मुलाला रोज दाखवा. कोथरूडच्या जोशी लघुरेल्वे संग्रहालयात आवाज आणि दिव्यांचा खेळ असतो. मुलाला दाराजवळची जागा द्या, कान झाकायचे हेडफोन द्या. बाहेर पडावंसं वाटलं तर कोण बरोबर जाणार, तेही आधीच ठरवा.

"आई येत असेल तरच न्यायचं" अशी अट घालू नका. आई आली तर आनंदच. पण मदतनीस देणं ही शाळेची जबाबदारी आहे. पालकांना काय विचारायचं ते नेमकं विचारा: फिट कशी येते, आली तर काय करायचं, कोणतं औषध किती वाजता, शौचाला मदत कुणाची चालते.

आणि ही औषधं बसमध्ये ठेवू नका. मुलांना उतरवून बस लांब कुठेतरी उभी राहते; औषधाची पिशवी त्या मुलाबरोबर असलेल्या शिक्षकाच्या खांद्यालाच हवी.