भेग आधीची की खाणीनंतरची?

गोव्यात भूशास्त्र शिकणारी मुलं मला हमखास विचारतात, "आपल्याकडे लोहखनिजाच्या खाणी उघड्या. मग भूमिगत खाणीवरच्या भेगा मोजायला शिकून करायचं काय?" नोकरी कोळशाच्या पट्ट्यात मिळते, हे खरं. पण नजर तयार व्हायला दोना पावला, वागातोरचे जांभ्याचे कडे पुरे आहेत.

लाँगवॉल खाणीत, म्हणजे कोळशाच्या थराची लांब भिंत सलग कापत नेणाऱ्या भूमिगत खाणीत, कोळसा निघाला की मागचं छत मुद्दाम कोसळू देतात. वरची जमीन बशीसारखी खचते. मध्ये दाब येतो, काठाला ताण बसून भेगा पडतात. त्या ताणात कडा सापडला तर पंचाईत, कारण दरीच्या बाजूने त्याला आधारच नसतो. ऑस्ट्रेलियात कटूंबाला 1931 मध्ये मोठा कडा ढासळला. त्या डोंगरात कोळशाच्या खाणी होत्या. अडचण अशी, की कड्यांना भेगा मुळातच असतात. खाणीआधीची नोंद नसेल तर गावकरी म्हणणार खाणीने पाडली, कंपनी म्हणणार जुनीच आहे.

आपल्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, वर कडक जांभा, खाली मऊ शेडी (चिकणमातीसारखा थर). पावसाने शेडी झिजून निघून जाते, वरचा जांभा अधांतरी राहतो आणि काठाला समांतर तडकतो. (कोळशाच्या पट्ट्यात कडे बहुधा वालुकाश्माचे. त्यात भेगा बऱ्याचदा ठरावीक दिशांनी सरळ जातात, जांभ्यात वेड्यावाकड्या. तेवढा फरक धरून चला.) जुन्या भेगेचे काठ बोथट, आत माती, भिंतींवर शेवाळ, मुळं आरपार गेलेली. ताजीचे काठ धारदार, आतला दगड न काळवंडलेला, मुळं ताणून तुटलेली. जुनीच भेग नव्याने फाकली की दोन्ही खुणा एकत्र दिसतात आणि भलेभले चुकतात.

तिथे डोळ्यांवर विसंबू नका. भेगेच्या दोन्ही बाजूंना खिळे ठोका, मधलं अंतर उन्हाळ्यात मोजा, पावसाळ्यानंतर पुन्हा मोजा. खाण नसतानाही भेग ऋतूप्रमाणे हलू शकते. ती हालचाल आधी माहीत असेल तरच खाणीच्या वाट्याची वेगळी काढता येते. दिशा, लांबी, रुंदी, जीपीएस, आणि पट्टी ठेवून त्याच जागेवरून फोटो. 'हातभर रुंद' अशी नोंद आली की मी ती परत पाठवतो.

पहिली पाहणी एप्रिल-मेमध्ये करा. पावसात गवत माजतं, भेग दिसत नाही. आणि भेगेच्या दरीकडच्या तुकड्यावर पाय ठेवायचा नाही, मोजमाप अर्धवट राहिलं तरी चालेल.