कूलंटचा पाईप चुकीच्या निप्पलवर बसला तर: गॅरेजात नव्याने लागलेल्यांसाठी

थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) किंवा इनटेक मॅनिफोल्ड (ती हवा सिलिंडरांना वाटणारा भाग) खोलून परत बसवताना कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा, पाईप भलत्याच निप्पलवर (पाईप चढवायच्या तोंडावर) जाणं, ही नव्या हाताकडून सर्रास होणारी चूक आहे. पेट्रोल गाडीच्या थ्रॉटल बॉडीभोवती तीन-चार बारीक रबरी पाईप असतात. कूलंट आणणारा, परत नेणारा, ब्रीदरचा (इंजिनातली ऑइलची वाफ नेणारा) आणि व्हॅक्यूमचा (मॅनिफोल्डमधली ओढ वापरणारा). सगळे काळे, जाडीला जवळपास सारखे, आणि एकाच्या जागी दुसरा सहज बसतो. पाईप काढून योग्य जागी लावायला दोन मिनिटं पुरतात. खरं काम त्यानंतरचं: चुकीच्या वाटेने कूलंट कुठवर गेलं ते शोधायचं आणि तिथून ते बाहेर काढायचं.

सगळ्यात घातक प्रकार म्हणजे कूलंटचा पाईप मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूम निप्पलवर बसणं. इंजिन चालू होताच मॅनिफोल्डमधली ओढ कूलंट थेट सिलिंडरमध्ये खेचते. सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर, त्याला गोडसर वास, इंजिन मिसिंग करतं (अडखळत चालतं) आणि कूलंटच्या टाकीतली पातळी डोळ्यांदेखत उतरते. इथे लगेच इंजिन बंद करा. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये कूलंट साचलं असताना पिस्टन वर आला, तर कनेक्टिंग रॉडच वाकतो.

सेल्फ मारल्यावर ‘टक्’ असा एकच आवाज येऊन इंजिन जागीच अडलं, तर किल्ली काढून घ्या. पुष्कळ जण बॅटरी उतरली असं समजून दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडतात आणि पुन्हा सेल्फ मारतात. रॉड वाकतात ते बहुधा याच वेळी.

पाणी काढायची पद्धत अशी. फ्युएल पंपाचा रिले किंवा फ्यूज काढा, इग्निशन कॉइलचे कनेक्टर सोडवा, मग सगळे स्पार्क प्लग काढा. मोठ्या सिरिंजला बारीक नळी लावून प्लगच्या भोकातून जेवढं येईल तेवढं कूलंट ओढून घ्या. क्रँक पुलीच्या बोल्टला सॉकेट लावून इंजिन हाताने, त्याच्या फिरण्याच्या दिशेने, दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. कुठे अडलं तर जोर लावू नका. आत अजून पाणी आहे किंवा काहीतरी वाकलं आहे. फेऱ्या मोकळ्या झाल्या की प्लगच्या भोकांवर जाड फडकं टाका, तोंड बाजूला घ्या आणि चार-पाच सेकंद सेल्फ मारा. उरलेलं कूलंट जोरात बाहेर उडतं, म्हणून चष्मा घालाच. नंतर प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर, म्हणजे साधारण ५ मिली, इंजिन ऑइल सोडा. कूलंटने भिंतीवरचं ऑइल धुऊन निघालेलं असतं.

आता कम्प्रेशन घ्या. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवा, बॅटरी चार्ज असू द्या. चांगल्या पेट्रोल इंजिनात साधारण ११ ते १३ बार मिळतं, पण पक्का आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधलाच धरा. आकड्यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांशी जुळतात का, हे जास्त बोलतं. एकच सिलिंडर १५ टक्क्यांहून जास्त खाली असेल, तर प्लगच्या भोकातून प्लास्टिकची सरळ नळी सोडून टीडीसीला (पिस्टनच्या सगळ्यात वरच्या जागी) पिस्टन किती वर येतो ते शेजारच्या सिलिंडरशी ताडून पाहा. तो स्पष्ट खाली राहत असेल तर रॉड वाकला आहे, आणि इंजिन खोलण्याला पर्याय नाही.

ब्रीदरचा पाईप कूलंटच्या निप्पलवर गेला, तर लक्षणं वेगळी दिसतात. धूर नसतो, पण कूलंट टॅपेट कव्हरमधून (इंजिनावरच्या झाकणातून) खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर आणि ऑइलच्या झाकणाखाली चहाच्या सायीसारखा फिकट तपकिरी थर दिसतो. असं ऑइल बेअरिंग सांभाळत नाही, म्हणून गाडी घरापर्यंत ‘नेऊ हळूहळू’ असं म्हणू नका. ऑइल आणि फिल्टर बदला, दहा मिनिटं आयडलवर चालवा आणि ऑइल-फिल्टर परत बदला. ग्राहकाला दोन वेळच्या ऑइलचा खर्च आधीच सांगा; दुसरी वेळ वाचवायला गेलात तर बेअरिंगचं बिल त्याहून मोठं येतं.

तिसरा प्रकार सगळ्यात उशिरा सापडतो. रेडिएटरच्या गळ्यापासून येणारा बारीक पाईप टाकीच्या ज्या निप्पलला जोडायचा, त्याची नळी आत तळापर्यंत गेलेली असते. शेजारी दुसरं निप्पल असतं, ते फक्त हवेसाठी. पाईप या हवेच्या निप्पलला लागला, तर तापलेलं कूलंट टाकीत येतं, पण इंजिन थंड होताना रेडिएटर पाण्याऐवजी हवा ओढतो. रोज सकाळी टाकी भरलेली आणि रेडिएटर थोडा अधिक रिकामा. टाकीकडे बघून सगळं ठीक वाटतं, म्हणून थंड इंजिनावर रेडिएटरचंच झाकण उघडून पातळी पाहायची सवय लावा.

हीटरच्या दोन पाईपांची अदलाबदल त्या मानाने सौम्य. बहुतेक गाड्यांत पाणी उलट्या दिशेने फिरतं आणि फारसं काही बिघडत नाही, एअर लॉक (पाण्याच्या वाटेत हवा अडकणं) तेवढा होऊ शकतो.

गाडी तापून बंद पडली असेल, तर गेजवर विसंबू नका. टेम्परेचर सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तोवरच खरं सांगतो. पाणी संपलं की तो हवेत लटकतो आणि काटा खाली येऊ शकतो. गरम झाकण उघडू नका, तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका. रेडिएटरचा वरचा होज (जाड रबरी पाईप) हातात निवांत धरता आला की मगच झाकणाला हात लावा. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ वर असतो. सावलीतही दीड-दोन तास सहज जातात.

तापलेल्या इंजिनात हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) उडालं का, हे हेड उतरवण्याआधी निळ्या द्रावणाच्या टेस्टरने बघता येतं. रेडिएटरमधून येणाऱ्या हवेने निळा रंग पिवळा पडला, तर जळालेला गॅस पाण्यात जातो आहे. हेड उतरवलंच तर सरळपट्टी सहा दिशांनी ठेवा: चार कडांवर आणि दोन कर्णांवर. पुष्कळ अॅल्युमिनियम हेडांना ०.०५ मिमी ही हद्द असते. तेवढ्या जाडीची फीलर गेजची पाती पट्टीखालून सरकली तर हेड लेथवाल्याकडे फेसिंगला द्या, आणि परत बसवताना बोल्ट मधून बाहेरच्या क्रमानेच, टॉर्क रेंचने आवळा.

भरताना आपल्याकडचं बोअरचं पाणी वापरू नका. ते जड असतं, खार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि थर्मोस्टॅटवर बसतो. कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, तयार कूलंट असेल तर तसंच. रंग सारखा म्हणजे कूलंट सारखं असं नाही, तेव्हा डब्यावरचा प्रकार वाचा. होज निप्पलवरच्या उंचवट्याच्या पुढे ढकला आणि क्लिप त्या उंचवट्याच्या मागे बसवा. उंचवट्यावरच आवळली तर दाब आला की होज निसटतो. हीटर पूर्ण गरमवर, ब्लीड स्क्रू (अडकलेली हवा सोडायचा) उघडा, बुडबुडे थांबून सलग धार आली की बंद. रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन आयडलवर ठेवा. प्रेशर टेस्टरने झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत, बहुधा ०.९ ते १.१ बार, पंप करा आणि दहा मिनिटं काटा हलतो का ते पाहा; तो हलता कामा नये.

काढलेलं कूलंट परातीत धरा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा. ते चवीला गोड आणि विषारी आहे. गॅरेजच्या आवारात शेळ्या, कुत्री फिरत असतात आणि ती ते पितात.

पुढच्या वेळी पाईप सोडवण्याआधी मास्किंग टेपचे दोन तुकडे घ्या, एक पाईपवर, एक निप्पलवर, आणि दोन्हींवर एकच आकडा लिहा. टेप नसेल तर निप्पलच्या आत पाहा: कूलंटच्या निप्पलमध्ये खार किंवा वाळलेला रंग दिसतो, व्हॅक्यूमच्या निप्पलमध्ये फार तर काळपट ऑइल. गाडी ग्राहकाला देण्याआधी एक रात्र ठेवा. सकाळी थंड इंजिनावर रेडिएटरची पातळी, टाकीची पातळी आणि डिपस्टिक, तिन्ही पाहा आणि जॉब कार्डवर लिहा.