निबंध एकमेकांकडून तपासून घेताना

साठ जणांच्या वर्गाचे ८०० शब्दांचे निबंध एकट्याने तपासायचे तर गुण देऊन होतात, अभिप्राय राहून जातो. सहाध्यायी मूल्यमापनात प्रत्येकाला तीन-चार अभिप्राय मिळतात, आणि दुसऱ्याचं लिखाण बारकाईने वाचताना स्वतःच्या लिखाणातल्या उणिवाही कळू लागतात. हा दुसरा फायदा जास्त मोलाचा. पण तयारीविना गठ्ठे वाटले, तर बहुतेकांना वीसपैकी सोळा पडतात.

निकष चारच ठेवा: मुद्दा, पुरावा, मांडणी, भाषा, प्रत्येकी ५ गुण. ‘उत्तम’, ‘बरा’ एवढ्यावर भागवू नका. पुराव्याला ५ म्हणजे प्रत्येक विधानाला संदर्भ, ३ म्हणजे निम्म्यांना, १ म्हणजे नुसती मतं, असं लिहूनच द्या.

मग सराव, आणि तो गाळू नका. लेखकांची परवानगी घेऊन मागच्या बॅचचे दोन निबंध, एक चांगला आणि एक मध्यम, नाव काढून सगळ्यांना तपासायला द्या. त्यानंतर तुमचे गुण कारणांसह सांगा. अभिप्राय कसा हवा तेही इथेच दाखवा. ‘मुद्दे स्पष्ट नाहीत’ वाचून कुणाला काही सुधारता येत नाही. ‘तिसऱ्या परिच्छेदात टंचाईचं कारण कमी पाऊस दिलंय, पण आकडे भूजल उपशाचे आहेत’ हे वाचून येतं.

वाटप मुदत संपल्यावरच करा. न आलेले निबंध आधीच वाटले तर कुणाच्या तरी हाती काहीच पडत नाही. नावांऐवजी सांकेतिक क्रमांक द्या. वर्ड फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये नाव राहतं, तेही पुसायला सांगा. चिठ्ठ्या टाकून गोलाकार क्रम लावा आणि प्रत्येकाला पुढचे चार निबंध द्या. यात कुणीही दोघं एकमेकांचे निबंध तपासत नाहीत, त्यामुळे गुणांची देवाणघेवाण होत नाही. एखाद्याने तपासलंच नाही तरी तीन अभिप्राय उरतात. मूडल (ऑनलाइन वर्ग चालवायची प्रणाली) असेल तर त्यातल्या ‘वर्कशॉप’मध्ये वाटप आपोआप होतं.

अंतिम गुणांसाठी सरासरी नको, मध्यक घ्या, म्हणजे गुण चढत्या क्रमाने लावून मधल्या दोघांची सरासरी. १३, १४, १५ आणि ५ यांची सरासरी ११.७५ येते, मध्यक १३.५. एकाच्या हात आखडण्याने निबंध बुडत नाही. गुणांत ५ पेक्षा जास्त फरक असेल तो निबंध स्वतः वाचा. शिवाय दहातला एक, कोणताही. तपासण्यालाही गुण ठेवा, नाहीतर अभिप्राय एका ओळीत आटोपतात. मूडलमध्ये मुळातच निबंधाला ८० आणि तपासणीला २० असतात. अभिप्राय मिळाल्यावर निबंध सुधारून द्यायला आठवडाभर द्या.