ड्राफ्टआधी संघाची गरज ठरवताना: आधी करार कधी संपतो ते बघा

एप्रिल उजाडला की आमच्या मित्रमंडळीत लुटुपुटूचा ड्राफ्ट भरतो. खऱ्या ड्राफ्टमध्ये संघ कॉलेजमधले नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात. प्रत्येकाने एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधला एकेक संघ घ्यायचा, त्याच्या गरजांची यादी करायची आणि खऱ्या ड्राफ्टच्या आधीच्या रविवारी आपापल्या पाळीला खेळाडू निवडायचे. मी ओव्हरलँड पार्कला राहतो, म्हणजे कॅन्सस सिटीच्या अंगणातच. त्यामुळे तिथला चीफ्स संघ माझ्याकडे. २०२२ साली मी त्यांची यादी केली आणि ती साफ चुकली. तेव्हापासून दर मार्चमध्ये कोणी ना कोणी विचारतं की गरजा ठरवायच्या कशा, म्हणून हे एकदा सविस्तर लिहून ठेवतो. यंदा नव्याने कोणी संघ घेणार असेल तर त्याने निदान करारांचा भाग तरी वाचावा. बाकीचं इतरत्रही मिळेल.

सुरुवात आपल्या पाळ्यांपासून. सात फेऱ्या, बत्तीस संघ, पण देवाणघेवाणीत कोणाकडे पाच पाळ्या उरतात तर कोणाकडे अकरा. शिवाय आधीच्या मोसमात जितके चांगले खेळाडू करार संपून गेले, तितके आले नाहीत, तर भरपाई म्हणून तिसऱ्या ते सातव्या फेरीच्या शेवटी जादा पाळ्या मिळतात. त्या मोजा. पाच मिनिटांचं काम आहे.

मग तक्ता. यादी जागेप्रमाणे करा, नावांप्रमाणे नको. उन्हाळ्यात संघात ९० जण असतात, हंगामाला ५३ उरतात. तुम्हाला त्या ५३चा विचार करायचा आहे. बहुतेक जण फक्त पहिल्या फळीचे बावीस लिहून थांबतात, तिथेच घोळ होतो. बचावात अकरा जण मैदानात असतात हे खरं, पण आता अर्ध्याहून जास्त डावांत तिसरा कॉर्नर (चेंडू झेलणाऱ्याला अडवणारा) आत आणि तिसरा लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या फळीतला) बाहेर असतो. म्हणजे तिसरा कॉर्नर हा मुख्य खेळाडूच धरायचा. बचावाच्या पुढच्या फळीत माणसं आलटून-पालटून खेळतात, तिथे चार जागांना आठ माणसं लागतात. गेल्या हंगामात कोण किती स्नॅप (म्हणजे एकेक डाव) खेळला हा आकडा सहज मिळतो, तो नावासमोर लिहा. वय लिहाल तेव्हा सप्टेंबरमधलं लिहा, आजचं नको.

आता तो रकाना. करार कोणत्या वर्षी संपतो.

माझ्या २०२२च्या तक्त्यात हा रकाना नव्हता. नाव होतं, वय होतं, स्नॅप होते. लेफ्ट टॅकलच्या ओळीत ऑर्लँडो ब्राउन, वय २६, जवळजवळ सगळे स्नॅप, आणि मी तो चौकोन हिरवा केला. चौकोन हिरवा म्हणजे गरज नाही. लेफ्ट टॅकल म्हणजे उजव्या हाताच्या क्वार्टरबॅकची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूची, पाठ राखणारा माणूस. पॅट्रिक महोम्ससारखा क्वार्टरबॅक असताना ही जागा भरलेली दिसली की माणूस निर्धास्त होतो. मीही झालो. त्याच मार्चमध्ये चीफ्सचा रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) टायरीक हिल मायामीला गेला होता, सगळीकडे एकच चर्चा की आता वेगवान रिसीव्हर हवा. माझ्या हातात २९वी आणि ३०वी अशा लागोपाठ दोन पाळ्या होत्या. आमच्या खेळात २९व्या पाळीला टायलर स्मिथ हा टॅकल शिल्लक होता. मी त्याला सोडून रिसीव्हर घेतला, कारण टॅकलचा चौकोन हिरवा होता.

पण ब्राउनकडे करार होता का? नव्हता. २०२१च्या एप्रिलमध्ये चीफ्सनी पहिल्या फेरीची पाळी देऊन त्याला बाल्टिमोरहून आणलं, तेव्हा त्याच्या पहिल्या कराराचं एकच वर्ष उरलं होतं. ते संपल्यावर त्याला फ्रँचायझी टॅग लावला. टॅग म्हणजे एका वर्षाची बांधणी, सुमारे १ कोटी ६६ लाख डॉलरची. जुलैमधली मुदत टळली, दीर्घ करार झाला नाही. एक हंगाम खेळला, सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकला आणि २०२३च्या मार्चमध्ये सिनसिनाटीला निघून गेला. त्याच महिन्यात राइट टॅकल अँड्र्यू वायलीही वॉशिंग्टनला गेला. दोन्ही टोकं एकदम रिकामी. हे मला आदल्या एप्रिलमध्येच दिसायला हवं होतं, कारण त्यासाठी लागणारी माहिती सगळ्यांसमोर उघड होती. मी ती लिहिलीच नाही.

म्हणून सांगतो, प्रत्येक नावापुढे शेवटचं वर्ष लिहा. पहिल्या फळीच्या बावीस जणांपुढेच नव्हे, सगळ्या ५३ जणांपुढे. ज्याचा करार येत्या मार्चमध्ये संपतो त्याची जागा आजच रिकामी धरा. एका वर्षाचा करार म्हणजे रिकामी जागा. टॅग म्हणजे रिकामी जागा. तिथे आज कोण उभा आहे याने काही फरक पडत नाही.

याचं कारण नीट समजून घ्या, नाहीतर हा रकाना भराल आणि वापरणार नाही. ड्राफ्टमधला मुलगा पहिल्या वर्षी क्वचितच पूर्ण तयार असतो. त्याचा करार चार वर्षांचा, रक्कम पाळीच्या क्रमांकाप्रमाणे जवळपास ठरलेली. पहिल्या फेरीतला असेल तर पाचव्या वर्षाचा हक्क संघाकडे. म्हणजे तुम्ही आज निवडता तो खरं तर पुढच्या आणि त्याच्या पुढच्या हंगामासाठी. या हंगामाची भोकं बुजवायला मार्चमधला करार संपलेल्या खेळाडूंचा खुला बाजार असतो. ज्याने एप्रिलमध्ये फक्त याच वर्षाची भोकं मोजली त्याने चुकीचं वर्ष मोजलं. मी तेच केलं होतं.

करार वाचताना तीन ठिकाणी फसायला होतं. पहिलं, नुसती कागदावरची वर्षं. बोनसचा बोजा जास्त वर्षांवर पसरवायला कराराच्या शेवटी अशी एक-दोन वर्षं जोडतात, जी खेळाडू कधी खेळतच नाही. तक्त्यात २०२९ दिसतं, प्रत्यक्षात तो २०२७लाच मोकळा होतो. दुसरं, पाचव्या वर्षाचा हक्क. तो वापरायचा की नाही याची मुदत मेच्या सुरुवातीला, म्हणजे ड्राफ्टनंतर येते. तीन वर्षांपूर्वी पहिल्या फेरीत घेतलेला तुमचा खेळाडू शोधा आणि संघ त्याला ठेवेल का याचा अंदाज आत्ताच करा. तिसरं आणि सगळ्यात फसवं, मोठा आकडा. २०२४च्या मार्चमध्ये अटलांटाने कर्क कझिन्सला चार वर्षांचा १८ कोटी डॉलरचा करार दिला. सगळ्यांनी क्वार्टरबॅकचा चौकोन हिरवा केला. पण हमीचे पैसे होते १० कोटी, म्हणजे खरी बांधिलकी फार तर दोन वर्षांची. कझिन्स पस्तिशीचा होता आणि आदल्या ऑक्टोबरमध्ये त्याची टाचेची शीर तुटली होती. एप्रिलमध्ये अटलांटाने आठव्या पाळीला मायकल पेनिक्स हा क्वार्टरबॅक निवडला तेव्हा लोक चक्रावले. डिसेंबरात कझिन्स बाकावर आणि पेनिक्स मैदानात. अटलांटाचा निर्णय योग्य होता की नाही यावर वाद घाला, मला स्वतःला तो पटलेला नाही. पण हमीचा आकडा आणि वय शेजारी-शेजारी लिहिलं असतं तर धक्का बसला नसता.

दुखापतींचा रकाना याला लागूनच ठेवा. २०२१च्या फेब्रुवारीतला चीफ्सचा सुपर बोल ज्यांनी पाहिला त्यांना हे वेगळं सांगायला नको. लेफ्ट टॅकल एरिक फिशर आधीच्या सामन्यात टाचेची शीर तुटून बाहेर, राइट टॅकल मिचेल श्वार्ट्झ पाठीमुळे ऑक्टोबरपासून बाहेर. डावीकडे माइक रेमर्स, उजवीकडे वायली, दोघेही आपापल्या नेहमीच्या जागेवरून हलवलेले. महोम्स अख्खी संध्याकाळ मागे-मागे पळत होता. चौथ्या क्वार्टरमध्ये त्याने जमिनीला जवळजवळ समांतर पडता-पडता टाकलेला एक चेंडू अजून डोळ्यांसमोर आहे. तो थेट सहकाऱ्याच्या तोंडावरच्या जाळीला लागून खाली पडला. टँपा बे ३१, कॅन्सस सिटी ९. पुढच्याच महिन्यात दोन्ही टॅकलना सोडून दिलं, कारण कोविडमुळे सॅलरी कॅप (संघाच्या पगारखर्चाची मर्यादा) १९ कोटी ८२ लाखांवरून १८ कोटी २५ लाखांवर घसरली होती आणि जायबंदी माणसांवर एवढा खर्च परवडत नव्हता. इथे दुखापत आणि करार एकत्र वाचावे लागतात. जायबंदी माणसाचा करार तीन वर्षांचा दिसला तरी हमी संपली असेल तर तो उद्या जाऊ शकतो.

डॅलसने २०२२ला हे नीट केलं, हे लिहिताना आजही टोचतं. त्यांचा टायरन स्मिथ एके काळचा सर्वोत्तम लेफ्ट टॅकल, पण २०१५नंतर एकही हंगाम पूर्ण खेळलेला नव्हता. खऱ्या ड्राफ्टमध्ये डॅलसने २४व्या पाळीला टायलर स्मिथ उचलला. होय, आमच्या खेळात मी सोडलेला तोच. त्याला आधी गार्ड (टॅकलच्या आतल्या बाजूचा) म्हणून खेळवायचा विचार होता. ऑगस्टमध्ये टायरनच्या मांडीचा स्नायू हाडापासून सुटला आणि हा पोरगा थेट लेफ्ट टॅकलला उभा राहिला. सतराच्या सतरा सामने खेळला.

पुन्हा रकान्याकडे येतो, कारण एकदा सांगून हे लक्षात राहत नाही. ब्राउन गेल्यावर चीफ्सनी २०२३ला डोनोव्हन स्मिथ आणला. करार किती? एक वर्ष. २०२४ला तो गेला. मग दुसऱ्या फेरीतला किंग्जली सुआमाताया दुसऱ्याच सामन्यात बाकावर, मग वान्या मॉरिस, मग डी. जे. हम्फ्रीज, शेवटी गार्ड जो थूनीला डावीकडे सरकवलं. त्या हंगामाचा सुपर बोल फिलाडेल्फियाविरुद्ध ४० विरुद्ध २२ असा गेला, महोम्स सहा वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडला गेला. २०२५ला ३२व्या पाळीला जॉश सिमन्स घेतला तेव्हा कुठे त्या ओळीत चार वर्षांचं आणि वर हक्काच्या पाचव्या वर्षाचं नाव बसलं. चार वर्षं एकाच ओळीत एकेका वर्षाची नावं चढत-उतरत होती. तक्त्यात फक्त नावं लिहाल तर प्रत्येक एप्रिलमध्ये ती जागा भरलेलीच दिसेल.

पैशाचा हिशेब. २०२५ला कॅप २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. क्वार्टरबॅक, टॅकल, एज रशर (क्वार्टरबॅकवर कडेने धावून जाणारा), कॉर्नर आणि रिसीव्हर बाजारात महाग मिळतात, म्हणून त्यांना ड्राफ्टमधून आणणं जास्त फायद्याचं. सेफ्टी (बचावातला सगळ्यात मागचा) किंवा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) बाजारात त्या मानाने स्वस्त असतो. दोन गरजा सारख्या वाटल्या तर महाग जागा आधी. यालाही अपवाद आहेत. डेट्रॉइटने २०२३ला १२व्या पाळीला रनिंग बॅक जमीर गिब्ज घेतला, टीका झाली, आणि गिब्जने ती खोटी ठरवली.

पुरवठा बघा. तुमची गरज कितीही मोठी असली तरी त्या वर्षी त्या जागेवर मुलं किती चांगली आहेत यावर क्रम बदलतो. २०२४ला पहिल्या बारा पाळ्यांत सहा क्वार्टरबॅक गेले, पहिल्या चौदाही पाळ्या आक्रमणातल्या खेळाडूंच्या. इंडियानापोलिसला बचावाचा खेळाडू हवा होता आणि १५व्या पाळीला बचावातला वाटेल तो त्यांच्यासमोर होता. त्यांनी लायातू लातू घेतला. आणि चांगला माणूस खालीही सापडतो: २०२१च्या सुपर बोलमधल्या त्या फजितीनंतर चीफ्सनी सेंटर क्रीड हम्फ्री ६३व्या आणि गार्ड ट्रे स्मिथ २२६व्या पाळीला मिळवला. ट्रे स्मिथ इतका खाली आला तो फुप्फुसातल्या रक्ताच्या गुठळ्यांच्या जुन्या त्रासामुळे.

गरज मोठी की खेळाडू मोठा, या वादात मी फार पडत नाही. सिनसिनाटीने २०२१ला टॅकल पेनेई सूअलऐवजी रिसीव्हर जामार चेस घेतला आणि त्याच हंगामात सुपर बोल गाठला. त्या अंतिम सामन्यात जो बरो सात वेळा सॅक झाला हेही खरं. खेळाडू फारच वरचा असेल तर घ्या, पण गरज खोडू नका, पुढच्या फेरीत ती तशीच उभी असते.

प्रशिक्षक बदलला असेल तर बचावाची मांडणी बदलते, गरजा पुन्हा तपासा. किकर, पंटर सातव्या फेरीत किंवा ड्राफ्टनंतर. परतीचा चेंडू घेणारा कोणी आहे का ते बघा. ज्यांचं नाव पुकारलं जात नाही त्यांच्यासाठी शनिवारी रात्री फोन सुरू होतात, त्यांची छोटी यादी वेगळी ठेवा.

गुरुवारी संध्याकाळी पहिली पाळी लागायच्या आधी तक्ता छापून घ्या, फोनवर सरकवत बसू नका. आणि हिरव्या केलेल्या प्रत्येक चौकोनावर बोट ठेवून शेजारचं शेवटचं वर्ष मोठ्याने वाचा. पुढचाच मार्च असेल तर तो चौकोन लाल करा.