फिकट डागाला हात फुटताना: चारचौघांत व्हिडिओ खगोलनिरीक्षण कसं करावं

दुर्बिणीपाशी रांग असते. पुढचा माणूस नेत्रिकेला डोळा लावून "हां, दिसतंय" म्हणतो. काय दिसतंय ते त्यालाही धड सांगता येत नाही. आपली पाळी येते तेव्हा एम ५१ ही दीर्घिका म्हणजे शेजारी शेजारी दोन फिकट डाग. त्याच दुर्बिणीला नेत्रिकेच्या जागी कॅमेरा लावला आणि दहा-दहा सेकंदांच्या फ्रेम एकमेकींवर रचत गेलं, तर अंधाऱ्या जागी काही मिनिटांत त्या डागाला सर्पिल हात फुटू लागतात. तेही सगळ्यांना एकदम दिसतात. १८४५ साली लॉर्ड रॉस यांना हे सर्पिल पहिल्यांदा ओळखता आलं ते ७२ इंची आरशाच्या दुर्बिणीतून. आज ६ इंची दुर्बीण पुरते.

नावातला 'व्हिडिओ' जुन्या काळचा आहे. हौशी मंडळी कमी उजेडात चालणारे पाळतीचे कॅमेरे दुर्बिणीला जोडून आकाश टीव्हीवर बघत, तेव्हाचा. आता लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर फ्रेम जुळवून रचतं. याला लाइव्ह स्टॅकिंग म्हणतात. खगोलछायाचित्रणात रात्रभर फ्रेम गोळा करून नंतर दिवसेंदिवस चित्र घासूनपुसून काढतात. इथे जे काही आहे ते आत्ता, सगळ्यांच्या देखत. चित्र सुबक होण्यापेक्षा ते उमटताना बघणं महत्त्वाचं, आणि साहित्यापासून वेळेपर्यंत सगळे निर्णय त्याच हिशेबाने घ्यायचे.

साहित्य

दुर्बीण 'वेगवान' हवी: नाभीय अंतर (भिंग किंवा आरशापासून चित्र उमटतं तिथपर्यंतचं) भागिले तोंडाचा व्यास म्हणजे एफ, आणि तो जितका लहान तितकी ती वेगवान. त्याच कॅमेऱ्याने एफ १० वर जेवढा उजेड गोळा व्हायला चार मिनिटं लागतात, तेवढा एफ ५ वर एका मिनिटात होतो. लांब नळीची दुर्बीण असेल तर फोकल रिड्यूसर (हे अंतर कमी करणारं भिंग) लावा. माउंट (दुर्बीण पेलून फिरवणारा आधार) आपोआप ताऱ्यांचा माग काढणारा असावा, पण तो विषुववृत्तीयच, म्हणजे अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखलेला, हवा असं नाही. साध्या आडव्या-उभ्या हालचालीच्या माउंटवर दृश्य हळूहळू फिरतं. फ्रेम १०-१५ सेकंदांच्या ठेवल्या तर सॉफ्टवेअर त्या फिरवून जुळवतं. चित्राचे कोपरे तेवढे कातरतात. ध्रुवताऱ्याशी झटापट करण्यापेक्षा हा सौदा मला परवडतो.

कॅमेरा रंगीत घ्या आणि किती आकाश मावेल हे आधीच काढा: सेन्सरची रुंदी भागिले दुर्बिणीचं नाभीय अंतर, गुणिले ५७.३. ११.३ मिलिमीटरचा सेन्सर ४०० मिलिमीटरच्या दुर्बिणीवर साधारण १.६ अंश आकाश दाखवतो. त्यात मृगातला तेजोमेघ ऐसपैस बसतो. देवयानी दीर्घिका तीन अंशांची, ती मावणार नाही. स्वरमंडळातला कंकणाकृती तेजोमेघ एम ५७ जेमतेम एक-दीड कलेचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), तो बांगडीएवढा न दिसता मण्याएवढा दिसेल.

मंडळी येण्याआधी

फोकस हा यातला सगळ्यात दुर्लक्षिला जाणारा भाग. बाख्तिनोव मास्क नावाची खाचांची जाळी दुर्बिणीच्या तोंडावर ठेवा आणि एखाद्या ठळक ताऱ्यावर रोखा. मधली रेघ बरोबर दोन तिरक्या रेघांच्या मधोमध आली की फोकस जमला. मग जाळी काढा, हे सांगायची वेळ येते म्हणून सांगतो. रात्र थंडावते तसा फोकस सरकतो, तेव्हा तासा-दीड तासाने पुन्हा तपासा.

झाकण लावून, त्याच एक्स्पोजर (दर फ्रेमचा वेळ) आणि गेनवर (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) काही डार्क फ्रेम घेऊन ठेवा, म्हणजे तापलेल्या पिक्सेलचे रंगीत ठिपके वजा होतील. प्लेट सॉल्व्हिंग चालू करा: सॉफ्टवेअर ताऱ्यांच्या रचनेवरून दुर्बीण कुठे रोखली आहे ते ओळखतं आणि लक्ष्य मधोमध आणतं. लॅपटॉपची आपोआप झोपी जायची सोय बंद करा. माझा एकदा ऐन रंगात आलेल्या स्टॅकमध्ये झोपला आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

प्रत्यक्ष दाखवताना

तयार चित्रापुढे लोकांना बोलावू नका. सगळे जमले की स्टॅक पुसा आणि शून्यापासून सुरू करा. पहिल्या फ्रेममध्ये नुसती खरखर असते. खरखर फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते: ४ फ्रेमनंतर निम्मी, १६ नंतर पाव. पहिल्या दोन-तीन मिनिटांत चित्र डोळ्यांदेखत बदलतं आणि नंतर त्याचा वेग मंदावतो. म्हणून पाच-आठ मिनिटांत पुढच्या लक्ष्याकडे वळावं. "अजून थोडं थांबू" म्हणणाऱ्याला छायाचित्रणाचा नाद आहे असं समजा.

दरम्यान हिस्टोग्रामच्या (चित्रातल्या उजेडाच्या आलेखाच्या) पट्ट्या सरकवत राहा. पार्श्वभूमी कोळशासारखी काळी केलीत तर दीर्घिकेच्या मंद कडाही त्यात बुडतात. गडद करड्यावर थांबा.

जवळ दुसरी दुर्बीण असेल तर तेच लक्ष्य आधी तिच्या नेत्रिकेतून दाखवा आणि मग पडद्यावर. एम ५७ च्या पोटातला सुमारे १५ व्या प्रतीचा (प्रत जितकी मोठी तितका तारा मंद) मधला तारा नेत्रिकेत बहुतेकांना दिसत नाही, तो पडद्यावर उमटला की मंडळी पुढे सरसावतात. मृगातला अश्वमुख तेजोमेघही तसाच हुलकावणी देणारा. १८८८ साली विल्यमिना फ्लेमिंग यांना तो सापडला तोच मुळी छायाचित्रणाच्या काचेवर. कन्या राशीतला ३सी २७३ हा क्वेसार (दूरच्या दीर्घिकेचं अतितेजस्वी केंद्र) दिसायला साधा ठिपकाच, पण तो प्रकाश दोन अब्ज वर्षांहून आधी निघाला हे सांगितलं की जरा शांतता पसरते.

कुणीतरी "रंग खरे आहेत का?" विचारणारच. तेजोमेघांचा लाल रंग हायड्रोजनचा, ६५६ नॅनोमीटर तरंगलांबीचा, आणि तो खराच असतो. मंद उजेडात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाहीत, एवढंच.

शहराच्या उजेडात तारकागुच्छांपासून सुरुवात करा. शौरीतला एम १३ सहसा निराश करत नाही. दोनच ठरावीक रंगपट्टे आत सोडणारा ड्युअल-बँड फिल्टर तेजोमेघांना उपयोगी पडतो, दीर्घिकांना नाही, कारण त्यांचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असतो.

आणि पडद्याचा उजेड आवरा. शेजारी नेत्रिकेतून बघणाऱ्याने अर्धा तास अंधारात डोळे सरावलेले असतात. तुमचा लॅपटॉप ते एका झटक्यात घालवतो. पडदा दुर्बिणींकडे पाठ करून, तीन बाजूंनी झाकून ठेवा. लाल पारदर्शक कागद लावला तर रंगच जातात, त्यामुळे आडोसा बरा. ढगांनी किंवा अंतराने अडलेल्यांना स्क्रीन शेअर करून घेता येतं, फक्त चित्र पलीकडे दाबून, तपशील गमावून पोचतं, म्हणून हिस्टोग्रामच्या पट्ट्यांनी मंद भाग थोडे जास्त उजळा.

दर लक्ष्याचं चित्र तारीख-वेळेसकट साठवून ठेवा. १९ मे २०२३ रोजी जपानी निरीक्षक कोइची इतागाकी यांना एम १०१ या दीर्घिकेत अतिनवतारा (स्फोट झालेला तारा) सापडला, तेव्हा ज्यांच्याकडे त्या दीर्घिकेचं आदल्या महिन्यातलं चित्र होतं त्यांनी नवं चित्र शेजारी ठेवून नवा ठिपका स्वतःच हुडकला.