झोन ऑफेन्सचा व्हिडिओ पोरांना दाखवण्याआधी

शालेय बास्केटबॉल सामन्यांत बाहेरून खात्रीनं शॉट मारणारी पोरं कमी असतात, म्हणून ‘की’ (रिंगसमोरचा आखलेला चौकोन) बंद करणारा २-३ झोन हमखास लागतो, म्हणजे दोघं पुढे आणि तिघं मागे राहून माणसाऐवजी जागा राखणारा बचाव. तो फोडायच्या चालींचे, म्हणजे झोन ऑफेन्सचे, व्हिडिओ मोबाइलवर ढिगानं आहेत. लातूर, नांदेड असो की हिंगोली, क्रीडाशिक्षकाच्या हातात सरावासाठी संध्याकाळचे दीड-दोन तासच असतात. चुकीच्या व्हिडिओमागे त्यातला आठवडा गेला की स्पर्धा तोंडावर येते. म्हणून पोरांना दाखवण्याआधी तो स्वतः नीट तपासावा.

पहिल्यांदा आवाज बंद करा आणि बॉलकडे न बघता पाच बचावपटूंकडे बघा. बहुतेक व्हिडिओ इथेच बाद होतात. बचाव करणारे नुसते हात वर करून उभे असतील, तर कुठलीही चाल सुंदरच दिसते. खरा २-३ झोन कसा हलतो ते आधी डोक्यात पक्कं असू द्या. बॉल वरून (रिंगसमोरच्या मधल्या जागेतून) विंगला, म्हणजे बाजूला, गेला की बऱ्याच संघांत खालच्या ओळीतला फॉरवर्ड बाहेर धावतो. वरचा गार्ड येऊन विंगला पकडतो, मग फॉरवर्ड परत खाली जातो. ही अदलाबदल होते तेवढा एखादा सेकंद कोपरा मोकळा असतो. चांगला प्रशिक्षक नेमका तिथे व्हिडिओ थांबवतो आणि पास त्याच क्षणी का द्यायचा ते सांगतो. तो थांबवत नसेल तर तुम्ही थांबवा. वेग ०.२५ वर ठेवला की फॉरवर्डचा पाय वळताना स्पष्ट दिसतो.

हाय पोस्टचंही, म्हणजे फ्री थ्रो लाइनजवळच्या जागेचंही, तसंच. तिथे बॉल आला आणि बचावाचा सेंटर पुढे सरसावला, तर त्याच्या पाठीमागे बेसलाइनजवळ शॉर्ट कॉर्नरचा (कीला लागून, तिच्या बाहेरच्या जागेचा) खेळाडू मोकळा होतो. सेंटर जागेवरच राहिला तर समोर साडेचार मीटरवरून सरळ शॉट आहे. व्हिडिओत या दोन्ही शक्यता दाखवल्या पाहिजेत. ‘इथे पास, मग तिथे पास’ एवढंच सांगणारा व्हिडिओ पोरांना चाल पाठ करून देतो. समोरच्यानं एक पास अडवला की पाचही जण एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात.

मग कोर्टाच्या रेषा बघा. खूपसे व्हिडिओ अमेरिकन हायस्कूलचे असतात आणि तिथली मापं वेगळी आहेत. त्यांची की ३.६६ मीटर रुंद, फिबाची (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाची, जिची मापं आपण वापरतो) ४.९. म्हणजे प्रत्येक बाजूला ६२ सेंटिमीटरचा फरक. त्यांचा शॉर्ट कॉर्नरचा खेळाडू जिथे बिनधास्त उभा दिसतो, तिथेच आपला खेळाडू उभा केला तर तो कीमध्ये असेल आणि आक्रमकाला तिथे तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नसल्यानं शिट्टी वाजेल. थ्री-पॉइंटची रेष त्यांची ६.०२ मीटरवर, आपली ६.७५ वर. कोपऱ्यात तर आपल्याकडे रेष आणि साइडलाइन यांच्यात जेमतेम ९० सेंटिमीटर उरतात. बॉल घेताना एक पाऊल मागे गेलं की बाहेर. त्यामुळे त्यांच्या चालीतली प्रत्येक जागा आपल्या मापानं खडूनं आखून घ्या. शाळेच्या ग्राउंडवर अजून जुनी समलंब की आणि ६.२५ ची रेष असेल, तर नवीन रेषाही मारून घ्या. नाहीतर पोरं जुन्याच अंतराच्या सवयीनं खेळतील.

एनबीएच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या) क्लिप झोनसाठी जपूनच वापराव्यात. तिथे बचावपटूला कोणाला न पकडता कीमध्ये तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. फिबाच्या नियमांत असं बंधन नाही, आपल्यासमोरचा उंच सेंटर रिंगखाली ठाण मांडून बसू शकतो. तिथे मोकळी दिसणारी जागा इथे बंद असते.

वेळही मोजा. शॉट घ्यायला मिळणाऱ्या २४ सेकंदांतले ८ पर्यंत अर्धं कोर्ट ओलांडण्यात जाऊ शकतात, उरतात १६. व्हिडिओतली चाल शॉटपर्यंत यायला १४-१५ सेकंद घेत असेल, तर एक पास हुकला की पुढे काही शिल्लक राहत नाही. १० ते १२ सेकंदांत पहिला चांगला शॉट देणारी चाल निवडा.

स्किप पासवर, म्हणजे मधला खेळाडू टाळून समोरच्या बाजूला दिलेल्या लांब पासवर, उभ्या असलेल्या चालींबाबत विशेष सावध राहा. एका विंगवरून दुसऱ्या विंगवर बॉल सपाट आणि जोरात जायला हवा. चौदा वर्षांखालच्या पोरांचा पास हवेत तरंगतो, उघड्या ग्राउंडवर वारा असला तर आणखीच. तेवढ्यात मागचा फॉरवर्ड तो अलगद काढून घेतो आणि समोर एकटा ले-अप मारतो. अशा संघासाठी छोटे पास, फसवा पास आणि दोन गार्डच्या मधल्या फटीतून ड्रिबल शिकवणारा व्हिडिओच बरा.

शॉट सुटल्यावर व्हिडिओ कापलेला असेल तर अर्धी गोष्ट गाळली आहे. झोनमध्ये बॉक्स आउट करायला (शॉटनंतर अंगानं अडवून धरायला) ठरलेला माणूस नसतो, म्हणून आक्रमक रिबाउंड, म्हणजे हुकलेला आपलाच शॉट परत मिळवणं, हा झोनविरुद्धचा मोठा फायदा. कोण आत घुसतं आणि समोरच्यांचा फास्ट ब्रेक रोखायला मागे कोण थांबतं, हे दोन्ही दिसलं पाहिजे.

एवढ्यातून टिकलेला एकच व्हिडिओ ग्राउंडवर न्या. पाच मिनिटं बचावाशिवाय चालवा, मग पूर्ण ताकदीचा बचाव लावा आणि बचाव करणाऱ्यांना चाल आधीच सांगून टाका. १० वेळा बॉल द्या. हाय पोस्टला, शॉर्ट कॉर्नरला किंवा कीच्या आत बॉल किती वेळा पोचला ते वहीत लिहा. शॉट पडला की नाही ते आज सोडून द्या. पाचपेक्षा कमी वेळा पोचला, तर आधी पास अडतो कुठे ते शोधा. प्रत्येक वेळी एकाच जागी अडत असेल तर तिथला खेळाडू बदलून आणखी १० वेळा घ्या. तरीही आकडा हलला नाही, तर ती चाल सोडून दुसरा व्हिडिओ बघायला घ्या.